सहातून चार वजा

४ जानेवारी १९७१, सोमवार
खालापूरला पोचलो. मिरजेच्या माणसाला इथली हवा मानवणार असं दिसतं; आल्या आल्या दोन ताटं भात उडवला. नव्या कारखान्याच्या पायाच्या खड्ड्यात घणाने लोखंडी खांब ठोकताहेत. त्या घणाने आजूबाजूची घरं किती हादरतात ते मोजायचं माझं काम. खड्ड्याला सर्वांत जवळचं घर येसूबाईंचं, मुक्कामही तिथेच. भिंतीच्या भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून तारखा घातल्या. भेग हलली की काच तडकते. हादरे मोजायच्या यंत्राची सुई पाचाच्या वर गेली, तर घण बंद आणि घर रिकामं. येसूबाईंची सून पारू आठव्या महिन्यात आहे. तिला भिवपुरीला भावाकडे नेऊ की नको, असं त्या सारखं विचारतात. म्हटलं, आकडा बघून सांगतो.

५ जानेवारी, मंगळवार
घण सुरू. सुई सहावर. काचा मात्र शाबूत, म्हणून घण लगेच थांबवला नाही.
एक गंमत. इथे जमिनीत उखळ आहे. कांडायच्या आधी त्याच्या काठावर मुसळाने तीनदा वाजवतात, जरा थांबतात, मगच भात ओततात. खाली कळवावं लागतं म्हणे. येसूबाई कुरकुरल्या, की आमी इचारल्याबिगर मुसळ घालत नाय, तुमचा घण कुनाला इचारतो? मी पोट धरधरून हसलो.

७ जानेवारी, गुरुवार
सुट्टी. घणवाला सदू माथेरानला गेलाय. घण बंद, तरी सुई चारवर! यंत्रातच खोट आहे. अशी खोट वजा करायची असते. सहातून चार गेले, उरले दोन. घर सुरक्षित, असं लिहून सही ठोकली. येसूबाईंना बजावलं, पारूला कुठेही हलवू नका. त्यांचा चेहरा काही खुलला नाही.

९ जानेवारी
एक काच तडकली. घणाचा ठोका पडला की जरा वेळाने दुसरा येतो. पायाखालून. सदू म्हणतो, घुमत असेल. असेलही.

११ जानेवारी
यंत्र इथून लांब, भिसेगावला नेऊन मांडलं. दुपारभर सुई शून्यावर. यंत्रात खोट नाही. म्हणजे ते चार खरे होते. घण बंद असताना — मग ते कुणाचे? मला भीती वाटते आहे.

१२ जानेवारी
घण थांबवू का, अशी कचेरीला तार केली. उत्तर आलं, अहवाल मंजूर, काम चालू ठेवा. सगळ्या काचा गेल्या. पारूला कळा सुरू झाल्या, महिनाभर आधीच. सुईण सोनुबाई म्हणते, आता हलवायचं नाय —

१३ जानेवारी, दुपार
सदू घण टाकून पळाला. ठोके चालूच. येसूबाईंनी उखळावर तीनदा वाजवलं. थांबलो. खालून तीन — मग पुन्हा तीन, अगदी उखळाच्या तळाशी —
पारू ओरडते आहे. येसूबाई रडून म्हणतात, आता तरी खरं लिवा सायेब. कागद संपलेत, इथेच लिहितो. चूक माझी. चार वजा करायचे नव्हते. सहा हेच खरं. घर ताबडतोब रिकामं कर —