तांब्या हातात घेऊन

आप्पा, मला नोकरी लागली. चव्वेचाळिसाव्या वर्षी, आणि तीही त्र्यंबक रोडवरच्या एका हॉटेलात. तोंड वाकडं करू नका, चांगलं हॉटेल आहे, दर्शनाला आलेली कुटुंबं उतरतात तिथे. जेवणाच्या हॉलमध्ये मी कॅप्टन आहे. म्हणजे वेटरांच्या वरची. टेबलाशी जाऊन ऑर्डर घ्यायची, कोणाला काय हवं-नको ते बघायचं. सातपूरच्या ज्या कँटीनमध्ये मी इतकी वर्षं काढली, ते ठेकेदार बदलल्यावर आमच्यासकट बंद झालं. या वयात बाईला कोण नोकरी देतं, हे सगळ्यांनी ऐकवून झालं होतं. इथेही तीन महिने बघू, मग कायम करू, असंच बोलणं आहे. मॅनेजर माझ्या भाच्याच्या वयाचा मुलगा, पण नीट बोलतो, मॅडम म्हणतो. तर या मॅडमनी पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली, आणि तीही तुमच्यापायी. म्हणून लिहायला बसले.

झालं असं की दुपारी एक कुटुंब आलं, म्हातारे आईवडील, मुलगा, सून, दोन पोरं. वेटर दुसऱ्या टेबलावर अडकलेला, म्हणून मीच पाण्याचा जग उचलला. सगळ्यांच्या ग्लासात अर्धं अर्धं पाणी ओतलं आणि जग हातात धरून तिथेच उभी राहिले. माझ्या ध्यानातही आलं नाही. गावाहून येऊन दोनच दिवस झाले होते, हाताने आपलं आपणच केलं. मॅनेजरने मला बाजूला बोलावलं. म्हणाला, "मॅडम, ग्लास भरूनच द्यायचा. पाहुण्याला पाणी मागावं लागलं म्हणजे आपण नापास. लोक म्हणतील, हे पाण्यातही मोजमाप करतात." मी हो म्हटलं. पण कान तापले. पाण्यातही मोजमाप, हे शब्द मी आधी एकदा ऐकले होते, आणि ते तुमच्याबद्दलचे होते.

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये आपल्या नळाला दिवसभर पाणी असायचं. शेजारच्या काकू फरशी धुवायला पाइप लावून ठेवायच्या. आणि आपल्या घरी कोणी आलं की तुम्ही स्वतः उठायचात, ग्लासात अर्धं पाणी ओतायचात, द्यायचात, आणि तांब्या हातात घेऊन समोर उभे. कोळशाच्या पट्ट्यावर आठ तास काढून आलेला माणूस, अंगावरची काळी भुकटी अजून पुरती गेली नाही, आणि पाहुण्यासमोर खांबासारखा उभा. मला वाटायचं, पाण्याची राखण करताय. लोक अर्धा ग्लास पिऊन खाली ठेवायचे, तुमच्याकडे बघायचे, आणि कामाचं बोलून उठायचे. तुमच्या पाठीमागे तुम्हाला काय म्हणायचे ते मला शाळेत कळायचं, कारण त्यांची पोरं माझ्याच वर्गात होती. आईची तर रोजची कटकट. तिचं माहेर त्र्यंबकच्या अंगाचं, पावसात भिंती हिरव्या होणारं. नदी वाहतेय तिकडे आणि हा माणूस थेंब मोजतोय, असं ती भांडी आपटत म्हणायची. तुम्ही एक अक्षर बोलायचा नाहीत. बोलायला काय पैसे पडत होते का, आप्पा?

मग ते देवळालीचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, घरचे शिकलेले, आई सकाळपासून स्वयंपाकघरात. पोह्यांच्या आधी पाणी न्यायचं होतं. मी ट्रे हातात घेतला तर तुम्ही स्वयंपाकघरात येऊन सगळे ग्लास अर्धे केलेत. आई नको नको म्हणत होती. मुलाच्या आईने ग्लास उचलून उजेडात धरला, हसली, आणि न पिता ठेवून दिला. तुम्ही तांब्या घेऊन उभे होतातच. दोन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, जी माणसं पाण्यातही मोजमाप करतात ती लग्नात काय हात सैल सोडणार. मी तुमच्यासमोर येऊन म्हणाले की तुमच्या पाण्याने माझं लग्न मोडलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "त्यांनी पुन्हा मागितलं नाही गं." मला वाटलं, घ्या, अजून आपलंच खरं करतायत, त्यांना तहानच नव्हती म्हणतायत. पुढे माझं लग्न झालं, चांगलं झालं, नवरा भला आहे. पण ती अढी काही गेली नाही. तुम्ही गेल्यावरही तुमची आठवण काढायची म्हटलं की आधी तो ट्रे दिसायचा. एवढा कंजूष बाप माझ्याच वाट्याला का, असं मी उघड म्हटलंय, आईपाशी आणि लेकीपाशीही.

कँटीन बंद झालं आणि ही नोकरी सुरू व्हायची होती, तेव्हा मधे रिकामे दिवस होते. चुलतभावाचा फोन आला, आत्या तुझी आठवण काढते, येऊन जा. बांधावरून भावकीत वाजल्यापासून तुम्ही आम्हाला गावी नेलंच नाहीत. मला नुसतं एक लिंबाचं झाड आठवत होतं. नांदगाव स्टँडवर भाऊ मोटरसायकल घेऊन आला. लिंबाचं झाड आता नाही, घरांवर स्लॅब पडलेत, पण पाणी तसंच, चार-पाच दिवसांतून एकदा नळाला. ओट्यावर बसले तर वहिनी पाणी घेऊन आली. एका हातात ग्लास, अर्धा. दुसऱ्या हातात तांब्या. ग्लास माझ्या हाती दिला आणि समोर उभी राहिली. मला हसूच फुटलं. म्हटलं, घराण्याचीच खोड आहे म्हणायची ही! आणि वहिनीला सांगायला लागले की आमचे आप्पाही असेच करायचे, नाशिकला मात्र बाकी सगळे पाहुण्याला ग्लास भरून देतात.

आत्या बाजेवर पडून होती. तुमच्यापेक्षा मोठी, पार वाळून गेली आहे, पण कान शाबूत. उठून बसली. "भरून?" म्हणाली. "भरल्याला गलास म्हंजी पी आन् नीघ. वाटंवरच्याला देत्यात तसा. आपलं मानूस आलं तर अर्धा द्यायचा. अर्धा दिला की त्यानं बसायचं, आन् आपन तांब्या घेऊन उभं ऱ्हायचं. मागितलं की वतायचं. न मागता उठला, तर तो काय आपल्याकडं बसाया आल्याला नाय." आणि मग म्हणाली, "तुह्या बापाला तर लय हौस. पाव्हनं आलं की तांब्या दुसऱ्या कुनाला धरू द्यायचा नाय."

पाणी लांबून आणायचं, उष्टं फेकायला परवडत नाही, हेही तिने सांगितलं, पण ते मी धड ऐकलं नाही. मला एकदम सगळी क्वार्टर दिसली. ते काका, त्या काकू, युनियनचे लोक, ग्लास खाली ठेवून उठणारे, आणि तुम्ही तांब्या घेऊन उभे, आता हा बसेल, आता हा मागेल म्हणून. वर्षानुवर्षं उभे. मी ओट्यावर बसून रडले. वहिनीला वाटलं, प्रवासाचा शीण. मी अजून पाणी मागितलं, तिने ओतलं, पुन्हा मागितलं, पुन्हा ओतलं. आठ दिवस राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्याला मीच पाणी दिलं, आणि तिथला एकही माणूस पहिल्या अर्ध्यावर उठला नाही.

परत आल्यावर आईला सांगितलं. आई आता माझ्याकडेच असते, मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग ह्या माणसाला तोंड नव्हतं का? जन्मभर भांडायला लावलं मला." आणि काड्याच काड्या चाळणीत टाकत बसली. संध्याकाळी मी बाहेरून येऊन टेकले तर आई गुडघे धरत उठली, अर्धा ग्लास पाणी आणून दिलं आणि तांब्या घेऊन समोर उभी. "पी लवकर, पाय दुखतात माझे," म्हणाली. मी प्यायले. मग जरा थांबून, जिभेला सवय नसल्यासारखं, तिने विचारलं, अजून हवं का.

हॉटेलात मी आता ग्लास काठोकाठ भरते. नोकरी टिकवायची आहे, आणि तिथलं तेही बरोबरच आहे. तिथे लोकांनी जेवायचं आणि निघायचंच असतं.

एक गोष्ट मात्र मी आईला सांगितलेली नाही. तुम्हाला नाशिकरोडच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तुम्ही बरे दिसत होतात, डॉक्टर घरी सोडायचं म्हणत होते. दुपारी तुम्ही पाणी मागितलंत. मी मुद्दाम ग्लास भरला, अगदी सांडेल इतका. आता तरी पोटभर प्या, असं मनात होतं. थोडा टोमणाही होता, खोटं कशाला बोलू. तुम्ही ग्लासाकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि हसलात. म्हणालात, "भरलास? म्हणजे निघू म्हणतेस."

मला वाटलं, घरी जायचं विचारताय. मी म्हणाले, "हो आप्पा, उद्या सकाळी." तुम्ही मान हलवलीत आणि सगळा ग्लास प्यायलात, एका दमात, एक थेंब न ठेवता. सकाळ व्हायच्या आत गेलात.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, ते मलाही ठाऊक आहे. ओट्यावर आत्या बोलली त्या क्षणापासून माझ्या डोक्यात एवढंच आहे. तुम्ही मला विचारलं होतंत, आप्पा, आणि मी हो म्हणाले.