गावपळणीत हरवलेले सहाशे चौदा मतदार

दि. ९ जानेवारी २०२६

प्रति,
मा. मतदार नोंदणी अधिकारी,
तालुका कार्यालय.

अर्जदार : गुरुदास हरिश्चंद्र घाडी, वय ५८, रा. मौजे खाजणवाडी, जि. सिंधुदुर्ग (हल्लीही तिथेच).

विषय : खाजणवाडीची ६१४ माणसे खरी असल्याबाबत, तसेच एका नेपाळी गृहस्थाचे नाव यादीतून कमी करण्याबाबत, पण घाईने नव्हे.

संदर्भ : 'आपण पत्त्यावर आढळला नाहीत' ही आपली नोटीस, जी मी त्याच पत्त्यावर सही करून घेतली.

महोदय,

१. दर तीन वर्षांनी आमची गावपळण असते. देवाचा कौल झाला की सारा गाव गुरे, कुत्री, कोंबड्यांसह तीन दिवस वेशीबाहेरच्या माळावर झोपड्या घालून राहतो. गावात चूल पेटत नाही. मी गावचा घाडी. देवाला गाऱ्हाणे घालणे आणि वेशीवर उभे राहून माणसे मोजून बाहेर काढणे हे माझे काम. यंदा मार्गशीर्षात मी ती चोख मोजली.

२. नेमके दुसऱ्याच दिवशी आपले कर्मचारी घरोघरी पडताळणीस आले. 'घरे बंद, चुली थंड, कोंबडीसुद्धा आढळली नाही, सबब सर्व मतदार बनावट अथवा परदेशी असावेत,' असा अहवाल त्यांनी दिला आणि ६१४ नावे वगळली गेली. माझी आई रुक्मिणी, वय ९१, नोटीस ऐकून म्हणाली, "माका वगळल्यानी? मगे इतकी वर्सां बोटाक शाई लावून घेतलंय ती कोणाच्या नावान?" याचे उत्तर आपल्याकडे असल्यास कळवावे.

३. गावात एकच माणूस सापडला. आंब्याच्या बागेचा राखणदार टेकबहादूर थापा. तो नेपाळी असल्याने त्याला गावपळणीचे सांगायचे माझ्या ध्यानातच आले नाही. 'मी नेपाळचा,' असे त्याने कर्मचाऱ्यांस दोनदा सांगितले. त्यांनी 'मूळगाव नेपाळ, तालुका माहीत नाही' असे लिहून त्याचे नाव चढवले. आज आमच्या यादीत तो एकटाच मतदार आहे.

४. पंचवीस तारखेस ग्रामपंचायतीचे मतदान आहे. दोन्ही पॅनेलचे उमेदवार बागेत मुक्कामाला आहेत. एकाने त्याला समाजमंदिर कबूल केले, दुसऱ्याने थेट बागेपर्यंत डांबरी रस्ता. या गर्दीत माकडांनी मोहोर ओरबाडला तरी कोणाचे लक्ष नाही.

५. सुनावणीस आम्ही सातबारा, रेशनकार्ड, शाळेचे दाखले घेऊन आलो. लिपिक म्हणाले, कागद बरोबर आहेत, पण माणूस त्याच गावचा आहे हे त्याच यादीतल्या मतदाराने लिहून द्यावे. म्हणजे आम्ही भारतीय असल्याचा दाखला टेकबहादूरने द्यायचा!

६. तो द्यायला बसला. बागेबाहेर चार दिवस रांग होती. खोटे लिहिणार नाही म्हणून तो प्रत्येकाला नीट न्याहाळून सही करी. आमचे उपसरपंच दत्तप्रसाद यांना 'बघितल्यासारखे वाटत नाही' म्हणून त्याने दोनदा परत पाठवले. आईला पाहताच मात्र आमच्याच बोलीत म्हणाला, "हिका मी वळाखतंय. तापात माका पेज ह्याच म्हातारेन दिल्यान." साहेब, मला लाज वाटली. मी वेशीवर कोंबड्या मोजल्या आणि हा माणूस राहिला.

७. आता खरी अडचण. 'मी या देशाचा नागरिक नाही, माझे नाव कमी करा,' असा अर्ज टेकबहादूरने स्वतःच आपल्याकडे दिला आहे. तो आधी मंजूर झाला तर त्याचे दाखले बाद होतील आणि आम्ही खरे असल्याचे सांगणारा कोणी उरणार नाही. आपल्या कार्यालयात नावे काढण्याचा वेग पाहता आम्हाला धास्ती वाटते.

८. तरी पंचवीस तारखेपूर्वी आधी आमची नावे चढवावीत, मग त्याचे काढावे, ही कळकळीची विनंती. पुढच्या गावपळणीत पडताळणी ठेवू नये. ठेवलीच तर कर्मचारी माळावर पाठवावेत. तिथे ६१५ माणसे असतील.

आपला नम्र आणि अद्याप न आढळलेला,
(सही)
गुरुदास हरिश्चंद्र घाडी

सोबत :
१) टेकबहादूर थापा यांच्या सहीचे दाखले, ६१४
२) आईच्या बोटाचा फोटो (मागील मतदानाची शाई पुसट दिसते)