कुणी एक, डाव्या विंगवर

ब्रॅकनशॉ, वेस्ट यॉर्कशर
१५ मार्च २००९

प्रिय हेडली,

तू, मी आणि गिरणीच्या नाहीतर खाणीच्या भोंग्यावर वाढलेलं या गावातलं प्रत्येक माणूस, आपण सगळे एकच राग दुधाबरोबर प्यालो. शनिवारी खेळायला गेलं की मजुरी बुडायची. ती भरून द्या, एवढंच आपल्या पणजोबांच्या पिढीने मागितलं. पंधरा जणांचं रग्बी चालवणाऱ्या साहेबांनी नाही म्हटलं, म्हणून उत्तरेतले क्लब बाहेर पडले आणि आपला तेरा जणांचा खेळ उभा राहिला. पुढे शंभर वर्षं त्यांनी त्याचा सूड घेतला. आपल्याकडून एकदा जरी कुणी खेळला, तरी तिकडचं दार त्याला जन्मभर बंद! हे तुला मी कशाला सांगू? ते दार तुझ्याच तोंडावर आपटलं होतं.

बघ, तब्येत विचारायच्या आधीच माझं भाषण सुरू. तुझा गुडघा कसा आहे? तिकडे ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडला आता उकाडा उतरला असेल. इथे मैदानात अजून घोट्यापर्यंत चिखल आहे, आणि आपला रोव्हर्स क्लब त्यात नेमाने हरतोय. माझा आवाज तेवढा ठणठणीत आहे, बाकी सगळं कुरकुरतं.

मी क्लबचा इतिहास लिहायला घेतलाय. पहिल्या संघात खेळलेल्या प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, जे हयात आहेत त्यांना मैदानात बोलावून द्यायचा, असं ठरलंय. बैठकीत आपली सेक्रेटरी ग्लेंडा म्हणाली, “अगं ड्युल्सी, या ‘कुणी एक’चं काय करायचं? तो तर दर दोन पानांनी उगवतोय. केवढं वय असेल त्याचं!”

सगळे हसले. तिकडून चोरून चाचणीला आलेल्या पोरांची नावं बाहेर फुटू नयेत म्हणून कार्यक्रमपत्रिकेत ‘कुणी एक’ छापायचे, हे या नव्या मंडळींना माहीतच नाही. मी टेबलावर हात आपटला. “त्यांची नाकं आपल्या चिखलात फुटली आहेत. शोधा त्यांना!” ठराव एकमताने पास झाला. म्हणजे १९६७ सालच्या डाव्या विंगवरच्या ‘कुणी एक’लाही क्रमांक मिळणार आहे, हेडली.

त्याच दिवशी नव्या स्टँडला बाबांचं नाव द्यायचंय. भाषण अर्थातच माझं. तीन आठवडे झाले, ते पहिल्या वाक्यापुढे सरकत नाहीये.

का, ते सांगते. मी मघापासून इकडचं तिकडचं लिहितेय, तुझ्या लक्षात आलंच असेल.

तीन आठवड्यांपूर्वी सामना संपल्यावर नॉरिस काकांबरोबर मटण भरलेली पेस्ट्री आणि वाटाणे खात बसले होते. काका आता अठ्ठ्याऐंशीचे. बाबांबरोबर खेळलेले आणि कमिटीत बसलेले तेवढे एकच उरलेत. मी सहज विचारलं, “काका, आपल्या हेडलीची बातमी तिकडे कुणी पोचवली असेल हो? तिकडचा हेर येऊन बसला असणार.”

“हेर? आमच्या स्टँडातल्या शिव्या ऐकून हेराला घेरी आली असती, पोरी.” मग चमचा खाली ठेवून म्हणाले, “एनॉकने तुला कधी सांगितलंच नाही?”

“काय?”

“तोच गेला होता. त्यांच्या सेक्रेटरीच्या घरी. टोपी हातात घेऊन म्हणाला, डाव्या विंगवरचा तो माझा मुलगा आहे. मी फाटकाशी उभा होतो.”

“बाबा? उगाच काहीतरी बोलू नका.”

“पोरगा शिष्यवृत्तीवर साहेबांच्या शाळेत शिकलेला. एक पाय तिकडे, एक इकडे. एनॉक म्हणाला, तिकडची वाट बंद केली की पोरगा कायमचा आपला.”

“मग क्लबने त्याला घेतलं का नाही?”

“मतदानाला तुझा बाप उठून बाहेर गेला. घरच्या पोरासाठी हात वर करणं शोभत नाही म्हणाला. एका मताने पडला हेडली. मी सांगायला बाहेर आलो, तर एनॉक भिंतीला टेकून शीळ घालत होता. इतकी खात्री होती त्याला.”

काकांनी वाटाणे संपवले. माझं ताट मी तसंच परत केलं.

तेव्हापासून मी ताळ्यावर नाही. गावच्या चौकात, संपाच्या सभांत, गिरणीच्या दारात मी आयुष्यभर सांगत आले की कोण आपलं आणि कोण परकं ते ओळखा. आता घरातलाच माणूस कुठल्या बाजूला बसवू? पोराचं तिकडचं दार बंद करणारा तोच, आणि पोरासाठी हात वर करणं अन्याय मानणारा तोच. त्याचं एकातलं प्रेम आणि दुसऱ्यातला प्रामाणिकपणा, दोन्ही मला कळतात. दोन्ही मिळून जो माणूस होतो, तो मात्र कळत नाही. एकदा वाटतं, त्याचं नाव खरवडून काढावं. लगेच वाटतं, दुप्पट मोठ्या अक्षरांत लिहावं.

बाबांच्या अंत्यविधीला तू आला नाहीस, पत्र पाठवलंस. चर्चमध्ये ते मीच वाचलं. “मला गावाने विकलं, बाबांनी नाही.” सगळं गाव मान खाली घालून ऐकत होतं. कमिटीतले चौघे रडले. काकाही. एकानेही तोंड उघडलं नाही.

आज हे लिहून मी तुझा बाप तुझ्यापासून काढून घेतेय, की तुझं गाव तुला परत देतेय? मला खरंच ठाऊक नाही. पण तू ज्यांचं तोंड पाहायचं नाही म्हणून बेचाळीस वर्षं आला नाहीस, त्यांनी तुझं नाव फोडलं नव्हतं, एवढं तरी तुला कळायला हवं.

रंगाऱ्याला मी थांबवलंय. स्टँडच्या पाटीवर काय लिहायचं ते मी एकटी ठरवणार नाही. भाषणही करणार नाही.

तिकीट काढ, हेडली. रविवारी, १९ एप्रिलला मैदानात ये, आणि तुझा क्रमांक तुझ्या स्वतःच्या नावाने घे.

एनॉक सगडेनची मुलगी म्हणवून घेताना पहिल्यांदाच अडखळणारी,
तुझी बहीण,
ड्युल्सी