आता माझीच सही

प्रिय आई,

आधी बस, घोटभर पाणी पी आणि मग वाच. मी ठीक आहे. जेवते, झोपते, शिवणवर्गालाही जाते. बाबांचा गुडघा कसा आहे? दादा वेळेवर घरी येतो का?

मानेवरची ती गाठ काढायची ठरली आहे. पुढच्या गुरुवारी, सकाळी दहाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बहुतेक साधीच असेल." त्या 'बहुतेक'चा घोर तू लावून घेऊ नकोस, मी लावून घेतलाय तेवढा पुरे.

गेल्या महिन्यापर्यंत संमतीच्या कागदावर तुझीच सही लागली असती. आता नव्या कायद्याने अठराऐवजी सोळाव्या वर्षीच माणूस सज्ञान होतो. म्हणजे मी झाले म्हणे! नर्सने कागद पुढे केला आणि मी सवयीने तुझीच सही ठोकून दिली. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर कितीदा केली होती, आता सांगायला हरकत नाही. खालचे दोन ठिपकेसुद्धा हुबेहूब आले.

नर्स म्हणाली, "ही कोणाची? तुझी कर." मी पेन धरून नुसती बसले. माझी सही कशी असते, तेच मला ठाऊक नव्हतं. शेवटी पहिलीतल्या पोरीसारखं नाव लिहिलं.

"झालं. आता आईला बोलवायची गरज नाही," ती म्हणाली.

हे ती म्हणाली, आई. मी नाही म्हटलेलं. बुधवारची गाडी संध्याकाळी सहाला इथे पोचते.

कायद्याने मोठी झालेली,
तुझी ठकी