केल्विनमधला ताप

७ फेब्रुवारी
घमापुरच्या भंगारवाल्याकडून जुना थर्मामीटर आणला. बरोबर दाखवतो का, हे विचारायचं सोडून मीच त्याला व्याख्यान दिलं — ही रेओम्यूरची पट्टी, हिच्यात पाणी शंभरला नाही, ऐंशीला उकळतं! आकड्याची सव्वापट केली की सेल्सियस, त्यात २७३ मिळवले की केल्विन. तो म्हणाला, "अच्छा. थैली लेंगे?"

८ फेब्रुवारी
खोली सोळा. म्हणजे वीस सेल्सियस, २९३ केल्विन. विनीता नागपूरला, भाचीच्या लग्नाला. सांगायचं कुणाला?

घरात केल्विन आम्हा बापलेकांनाच कळायचं. सौमित्र लहानपणी आंघोळीच्या बादलीत हात घालून ओरडायचा — "बाबा, तीनशे बारा!" विनीता कपाळावर हात मारायची.

आता तो इथेच, तिलवारा घाटावर कुल्फी विकतो. एम.एस्सी. सोडून! दिवाळीत मी म्हणालो, "फ्रीज उघडून बसायला फिजिक्स काहून लागते?" तेव्हापासून बोलणं बंद. आधी त्यानं फोन करावा. मी बाप आहे! (फोन मात्र उशाशीच असतो.)

९ फेब्रुवारी
फोन नाही.

१० फेब्रुवारी
अंग कसकसतंय. काखेत तोच थर्मामीटर लावला — बत्तीस. वा, ताप नाहीच! चहा प्यायलो. मग आठवलं — सव्वापट. चाळीस! आकडा कळल्याबरोबर हुडहुडीच भरली. घरच्या ग्रुपवर एवढंच टाकलं — "३१३." मदत मागितली असं कुणी म्हणायला नको.

अमितावहिनी — "कशाचा भाव, भाऊजी?" भय्यासाहेबांनी नमस्कार पाठवला. विनीता — "अहो, काय करून राहिले तुम्ही? जेवले का?"

सौमित्रनं वाचलं. उत्तर नाही. वाईट वाटलं. फार.

१० फेब्रुवारी, संध्याकाळ
सौमित्र आला! हेल्मेटसकट. "तीनशे तेरा, अन् घरी एकटे? फोन काहून नाही केला?" दुकानातला बर्फ घेऊन आला होता. आधी थर्मामीटरच त्यात खुपसला. पारा शून्यावर यायला हवा — दोनवरच अडला.

"बाबा, हा दोन जास्त दाखवून राहिला. तीस धरा — साडेसदतीस. हा काय ताप आहे? बर्फात तपासला नाही?"

जन्मभर वर्गात पोरांना हेच शिकवलं!

"चलो, मग जाऊ मी?"

"अशक्तपणा फार आहे," मी म्हणालो.

त्यानं हेल्मेट काढलं.