रोवळीतला पाइन

किनाशी,
१८ नोव्हेंबर

प्रिय कानाए,

पाकिटावरचं अक्षर बघून तू दचकली असशील. गेल्या पाच वर्षांत नव्या वर्षाचं कार्ड सोडलं तर मी तुला काही पाठवलेलं नाही, आणि त्या कार्डावरही छापील मजकुराखाली नुसतं माझं नाव. कुणी गेलंबिलं नाही, घाबरू नकोस. शुहेइ बरा आहे, बंदरावरच्या कचेरीत रोज जातो आणि संध्याकाळी घरी येऊन टीव्हीपुढं झोपतो. माझे गुडघे कुरकुरतात, पण मोतीबिंदू काढल्यापासून दिसतं चांगलं. पत्र एका झाडाबद्दल आहे. तुझ्या हातून मेलं असं या घरात सगळे म्हणतात, आणि तूही म्हणतेस, ते झाड. ते मेलेलं नाही. आत्ता माझ्यासमोर पडवीत आहे आणि मी त्याची सुयांसारखी जुनी पानं उपटता उपटता मधेच हात धुऊन हे लिहायला बसले आहे.

तू शुहेइची बायको होऊन या घरात आलीस त्याला अकरा वर्षं झाली. त्या मार्चमध्ये मी तुला खालच्या शेतात नेलं होतं. बोनसायसाठी वाढवलेली पाच सुयांच्या पाइनची रोपं ओळीनं उभी होती, आणि गिऱ्हाइकांनी नको म्हटलेली वाकडीतिकडी बांधाजवळ लावलेली. मी म्हटलं, एक उचल, तुझं म्हणून. कोबेसारख्या शहरातून आलेली पोर, फुलांच्या दुकानात दिसतं तेवढंच हिरवं पाहिलेली; मला वाटलं, टवटवीत बघून उचलशील. तू सरळ बांधाकडं गेलीस आणि बुंध्यापाशीच कोपरासारखं वळलेलं एक मरतुकडं निवडलंस. हेच का गं, विचारलं, तर म्हणालीस, "आई, याला वळवायला तार लावायला नको. हे घरूनच वळून आलंय." मी हसले नाही. पण घरी आल्यावर यांच्या तसबिरीपुढं भात ठेवताना यांना सांगितलं, की सून डोळस मिळाली आहे. तुला मात्र कधी सांगितलं नाही. सुनेला तोंडावर चांगलं म्हटलं की ती डोक्यावर बसते, हे मला माझ्या सासूनं शिकवलं होतं, आणि सासूचं बाकी काही मला पटलं नसलं तरी तेवढं मी नेमकं उचललं.

पाणी घालायला शिकायचं तर तीन वर्षं, असं आपल्या धंद्यात म्हणतात. मधे माशिरो झाली म्हणून तुझ्या तिनाची पाच झाली. वरून माती कोरडी दिसते तिला फसायचं नाही, कुंडी दोन्ही हातांनी उचलायची, वजन सांगतं तेवढं ऐकायचं, हे मीच तुला शिकवलं. तू रोज सकाळी एकेक कुंडी उचलून बघायचीस, बाळाला कडेवर तोलावं तशी. मला त्याचाही राग यायचा, कारण चाळीस कुंड्यांना तुला दीड तास लागायचा. मी नजरेनं अर्ध्या तासात उरकायची. शेवटच्या वर्षी वसंतात मी तुला खालची फळी एकटीला दिली, अकरा कुंड्या, त्यात ते तुझं कोपराचं झाडही होतं. जुलैत पावसाळा सरेपर्यंत ठीक चाललं. ऑगस्टपासून सुया पिवळ्या पडायला लागल्या. तू एकदा म्हणालीस, "आई, कुंड्या सकाळीसुद्धा जड लागतात, काही समजत नाही." मी म्हटलं, "कुंडी जड लागत नसते, हात हलका असतो." मला त्या वेळी ते उत्तर फार झकास वाटलं होतं.

ऑक्टोबरात उत्पादक संघाचे तिघे वडीलधारे प्रदर्शनासाठी झाडं निवडायला आले, तो दिवस तू विसरली नसशील. फळीवर सात झाडं सरळ सरळ मेलेली, उरलेली मरायला टेकलेली. त्यांनी विचारलं, "वहिनी, या फळीला काय झालं?" तू चहाचा ट्रे घेऊन माझ्या मागं उभी होतीस हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "पाच वर्षं शिकवलं. पण हाताला गुण लागतो, तो काही शिकवून येत नाही." तू ट्रे खाली ठेवलास, त्या तिघांपुढं कमरेत वाकलीस आणि म्हणालीस, "चुकले. माझ्याकडून झालं." मग मलाही वाकून तेच म्हणालीस. तुझं आणि शुहेइचं लग्न मोडलं त्याला एकटं ते कारण नव्हतं, एवढं मलाही कळतं. शुहेइ बोलत नाही आणि न बोलणाऱ्याबरोबर किती वर्षं बोलायचं. पण त्यानंतर महिन्याभरातच तू माशिरोला घेऊन मात्सुयामाला गेलीस, आणि तुझ्या सामानातली एक निळसर कुंडी तेवढी मागं ठेवलीस. त्या कोपराच्या झाडाला मोठं झाल्यावर द्यायची म्हणून तू ती हौसेनं घेतली होतीस.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी फळी रिकामी करायला काढली. दहा झाडं कचऱ्यात टाकली. अकरावं, तुझं कोपराचं, उचललं तर ते ओलं गच्च, दगडासारखं जड. मला वाटलं, बघ, पोरीनं बुडवून मारलं. टाकणारच होते, पण शेंड्याकडचा एक कोंब नखानं खरवडला तर आत हिरवा. नोव्हेंबरात मुळं उघडू नयेत, पण मरणाऱ्याला मुहूर्त कसला. कुंडीतून काढलं तर गटारासारखा वास आला. मुळं काळी पडून भिजल्या कागदासारखी हाताला येत होती. सगळी कापली. बुंध्यालगत मूठभर तेवढी पांढरी होती, अळिंब्यांचा वास असलेली बुरशी धरलेली. पाइनच्या मुळाला ती बुरशी असली की जीव आहे समजायचं. आता एवढ्याशा मुळांना कुठली कुंडी द्यायची? तळाशी पाणी थांबता कामा नये. स्वयंपाकघरात गेले आणि उदोनच्या शेवया निथळायची बांबूची रोवळी घेऊन आले. जाडी वाळू भरली, त्यात ते झाड सुतळीनं बांधून उभं केलं आणि पडवीच्या कोपऱ्यात ठेवलं. शुहेइ संध्याकाळी म्हणाला, "आई, शेवया कशात निथळायच्या?" मी म्हटलं, तुझ्या टोपीत. नवी रोवळी आणेपर्यंत सहा महिने आम्ही पातेल्यावर ताट धरून निथळल्या.

पुढच्या एप्रिलला सात कोंब आले, पेराएवढे. मी मोजले, कारण दुसरं मोजायला त्याच्यावर काही नव्हतंच. ते वर्ष आणि त्याच्या पुढचं वर्ष मी त्याला काहीही केलं नाही. खत नाही, कात्री नाही, तार नाही. हात शिवशिवायचे. आजारी झाडाला माणसाचा सगळ्यात मोठा त्रास म्हणजे माणसाची काळजी. फक्त रोज सकाळी रोवळी उचलून बघायची. हो, उचलून. दीड तासवाली झाले मी पण. तिसऱ्या हिवाळ्यात त्यानं सुया लांब आणि निळसर काढल्या, तेव्हा पहिली तार लावली, तीही वरच्या दोन फांद्यांना. बुंध्याला लावली नाही. तो घरूनच वळून आला आहे. डावीकडची खालची फांदी मात्र गेली होती. ती कापली नाही. साल सोलून काढली, लाकूड कुजू नये म्हणून चुना-गंधकाचं पाणी लावलं, घरभर नासक्या अंड्यांचा वास सुटला, आणि आता ती हाडासारखी पांढरी आहे. या मार्चमध्ये मी त्याला रोवळीतून काढून तुझ्या निळसर कुंडीत बसवलं. ती कुंडी त्याला इतकी शोभते की मी दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाही.

मधली एक गोष्ट मी गाळली आहे, आता ती लिहायला हवी. झाड रोवळीत घातलं त्याच आठवड्यात ओढ्यापलीकडचे हामागुची लेट्यूसचे दोन गड्डे घेऊन आले. इकडंतिकडं बघून म्हणाले, "वहिनी, बाग आता जरा सुकी वाटते हो. सून होती तेव्हा दोनदा पाणी पडायचं. सकाळी ती, दुपारी तुम्ही. मी बायकोला म्हणायचो, अख्ख्या कागावा जिल्ह्यात पाण्याची बोंब आणि यांच्या पाइनना दोन वेळचं जेवण." आणि हसत निघून गेले. मी लेट्यूस हातात धरून तिथंच उभी राहिले.

कारण ते खरं होतं, कानाए. तू दुपारी माशिरोला बालवाडीतून आणायला गेलीस, की मी झारी घेऊन खालच्या फळीवर जायची. माती वरून पांढरी दिसायची. मनात यायचं, पोरीनं पुन्हा कमी घातलं, आणि मी अकराही कुंड्यांना घालून यायची. तुला कळू नये म्हणून फळीवरचे थेंब फडक्यानं पुसायची. तुला सकाळी कुंडी जड लागायची, म्हणून तू पाणी एक दिवसाआड केलंस, आणि तू केलंस ते बरोबर केलंस. ते बघून मी म्हटलं आळशी आहे, आणि दुपारचं आणखी वाढवलं. तू जितकं आखडलंस तितकं मी ओतलं. एकदा, एकदाच, एखादी कुंडी उचलली असती तरी कळलं असतं. पण चाळीस वर्षं पाणी घातलेल्या बाईनं कुंडी उचलून बघायची म्हणजे तिला कमीपणा. अति तिथं माती म्हणतात. माझी तर अकरा कुंड्या माती झाली. ती झाडं तू मारली नाहीस. मी मारली. आणि हे मला तू गेल्यानंतर पंधरा दिवसांतच कळलं होतं. तेव्हा गाडीत बसले असते तर अडीच तासांत तुझ्या दारात आले असते. आले नाही. आधी लाज वाटली, मग उशीर झाला असं वाटलं, मग त्या उशिराचीच सवय झाली. गेल्या आठवड्यात प्रदर्शनात तेच तिघे त्या पांढऱ्या फांदीपुढं उभे राहून म्हणाले, "वहिनी, मेलेलं झाड उठवलंत. हात असावा तर असा." मी वाकून आभार मानले आणि घरी येऊन जेवले नाही.

तरीही मी गप्पच राहिले असते, इतकी मी वाईट आहे. पण ऑगस्टमध्ये पितरांच्या सुट्टीला माशिरो आली होती. निघताना मी तिला कपभर मातीत रुजवलेलं पाइनचं बोटभर रोप देऊ लागले. तिनं हात मागं घेतले. म्हणाली, "नको आजी. आम्ही घरात झाड ठेवत नाही. आईच्या हाताला गुण नाही ना. माझाही हात तिच्यावरच गेलाय." दहा वर्षांची पोर, आणि हे ती आपल्या डोळ्यांचा रंग सांगावा तसं सांगत होती. मी त्या तिघांपुढं बोललेलं एक वाक्य माझ्या नातीच्या हातापर्यंत पोचलं आहे. तीन महिने हे पत्र मनात लिहिते आहे. तर ऐक, आणि तिलाही वाचून दाखव: माझं चुकलं. तुझ्या हाताला गुण होता, माझ्यापेक्षा जास्त होता, आणि ते मला पहिल्याच दिवशी बांधाजवळ कळलं होतं. संघाच्या तिघांना मी काल जाऊन खरं सांगून आले. एकानं चहाचा कप तसाच खाली ठेवला. शुहेइला सांगितलं, तो बराच वेळ रडला. नव्या वर्षाला माशिरो इकडं येईल, परत जाताना शुहेइ तिला गाडीनं सोडायला येईल, आणि मागच्या सीटवर ते झाड असेल, तुझ्याच कुंडीत. मला माफ कर असं मी म्हणत नाही, ते तुझं तू बघ. झाड ठेवायचं नसेल तर शुहेइबरोबर परत पाठव, मी काही विचारणार नाही. ठेवलंस तर त्याला सकाळचं ऊन लागेल असं बघ. रोज कुंडी उचल, हलकी लागली तर पाणी घाल. दुपारी मागून कुणी येणार नाही.

तुझीच,
मित्सुए