मोट भरायची जागा

१२ जानेवारी, सोमवार

आज मुक्ताचं गाणं पहिल्यांदा लावलं. आजऱ्याकडची पोरगी, तिचा चार जणांचा बँड, आणि मोटेवरचं जुनं गाणं. मेंडोलिन, एक डफ, बाकी थाटमाट काही नाही. पहिलं कडवं संपलं आणि मग सात-आठ सेकंद नुसती शांतता. ती गाण्यातच आहे हे मला माहीत होतं, आमच्या यंत्राला नव्हतं. रेडिओ केंद्रावर आवाज थांबला की ते आपणहून जाहिरात सोडतं. सोडली. पाण्याच्या मोटारीची! तेवढ्यात मुक्ताचं दुसरं कडवं सुरू, दोन्ही एकमेकांच्या उरावर. मी बटणं शोधतेय, आणि तांत्रिक बाजू सांभाळणारी प्राजक्ता कपाळाला हात लावून बसलेली.

दु. घरी. आप्पा गॅलरीत. माझा सकाळचा कार्यक्रम ते रोज ऐकतात आणि जेवताना माझ्या चुका मला वाढतात. वडील म्हणून नाही, श्रोते म्हणून. आज चुका नाहीत. एवढंच म्हणाले, "बरोबर वाजलं की. आमच्याकडं बी असंच झालतं. मोट गेली आन् मोटार आली." भाकरी कुस्करत बसले.

१३ जाने., मंगळ.

फोन थांबेनात. जयसिंगपूरचे एक व्यापारी तावातावाने, "ताई, तुमच्या रेडिओपायी मी नवं सेल घातलं. बिघडला वाटलं की." त्यांना समजावलं की बिघाड यंत्राचा होता, थांबणं गाण्याचं. ते आणखीच तापले. गाणं म्हणजे गायचं, थांबायचं कसलं?

म्हणून आज पुन्हा लावलं, यंत्राची ती सोय बंद ठेवून. आधी दोन वाक्यं बोलले. प्राजक्ताने सकाळीच विचारलं होतं, मॅडम, मोट म्हणजे नक्की काय? तिला सांगितलं तेच सांगितलं. चामड्याची मोठी पिशवी, विहिरीत सोडलेली. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासूनच्या उतरत्या वाटेवरून, उताराला निघाले की ती भरून वर येते आणि पाटात ओतते. बैल उलट पावली मागे आले की ती खाली जाते, पुन्हा भरते. हाकणारा नाड्यावर, म्हणजे मोटेच्या दोरावर बसून गातो. आणि गाण्यात जी शांतता आहे ती मोट भरायची जागा, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं. हे आपलं माझंच, कुणी सांगितलेलं नाही. पण ऐकायला छान वाटलं.

लोकांनाही वाटलं. आजऱ्याच्या काजू कारखान्यातून एक बाई बोलल्या. तिथे सोलणीला बसलेल्या बायका रेडिओ लावूनच काम करतात. त्या जागेला सगळ्यांचे हात थांबले म्हणे. "मी तर डोळंच मिटून घेतलो," म्हणाल्या.

घरी आले तर ह्यांनी सांगितलं, गाणं लागलं तसा आप्पांनी रेडिओ बंद केला. पहिलं कडवं संपायच्या आत.

१४ जाने., बुध. संक्रांत

आप्पांना तिळगूळ दिला, पाया पडले आणि लगेच विचारलं, गाणं का बंद केलं? सणाच्या दिवशी विचारायची गोष्ट नव्हती, पण माझ्या पोटात काही राहत नाही. म्हणाले, "सगळ्यांच्या बैलांची नावं सर्जा-राजाच असत्यात व्हय गं? जो उठतोय त्यो सर्जा-राजा." मुक्ताच्या गाण्यात तीच नावं आहेत. मग तुमच्या बैलांची काय होती? तिळगूळ चघळत राहिले.

मला नावं आठवत नाहीत. मी चार-पाच वर्षांची असेन. थारोळ्यात, मोट ओतते त्या दगडी कुंडात, पाणी आदळायचं, मी पाटात पाय सोडून बसलेली. पाणी आधी गढूळ यायचं, मग निवळ. पाठीमागून आप्पांचा आवाज. चाल अजून येते मला, भाजी चिरताना नकळत गुणगुणते. शब्द नाहीत. मग वीज आली, मोटार बसली, बैल बाजारात गेले आणि आप्पांचं गाणं बंद झालं. आई असताना तीसुद्धा म्हणायची, तुझा बाप एकेकाळी गात होता म्हणून कुणाला सांगितलं तर खोटं वाटंल.

गावोगावच्या बायकांची गाणी मी रेकॉर्डर घेऊन गोळा केली. आप्पांचं एक कडवं नाही माझ्याकडे. त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. कधी करणार मी हे?

१७ जाने., शनि.

देसाई साहेबांनी बोलावलं. केंद्र तेच बघतात, माणूस वाईट नाही, पण शांततेला फार भितात. त्यांचं म्हणणं, रेडिओवर शांतता म्हणजे केंद्र बंद, लोक काटा फिरवून दुसरीकडे जातात. तोड अशी की कडव्यांमधल्या त्या दोन्ही थांबायच्या जागी बासरी भरायची. मुक्ताला फोन केला. ती म्हणाली, मग लावूच नका.

तक्रारींचा ढीग आहे. एका निवृत्त गुरुजींनी मेंडोलिनवर तासभर ऐकवलं. तुणतुणं कुठे गेलं, हलगी कुठे गेली, हे काय हॉटेलातलं संगीत आहे काय. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारा एक जण, "ताई, कामाला जाताना रडवू नगासा." त्याच्याच मागोमाग सीमेकडच्या एक किराणा दुकानदारीण बाई, निम्मं कन्नड निम्मं मराठी, अक्का अक्का करत. त्यांच्या माहेरी असंच गाणं होतं, कन्नडमधलं. गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांनी मला दोन ओळी म्हणून दाखवल्या आणि पुढचं आठवेना म्हणून फोन ठेवला.

ठरलं असं : येत्या ३१ला, शनिवारी, गाणं जसंच्या तसं लावायचं आणि श्रोत्यांनाच विचारायचं. ठेवायचं, बासरी भरायची की काढून टाकायचं. तोवर रोज एकदा वाजणार.

२० जाने., मंगळ.

आप्पांनी आज रेडिओ लावलाच नाही. कालही नाही. गाण्यापुरता बंद करत होते ते एक वेळ ठीक, आता माझा आख्खा कार्यक्रमच बंद. ह्यांनी लावून दिला तर उठून आत गेले म्हणे.

मला फार लागलं. इतकी वर्षं माईकसमोर बसते ते हजारो लोकांसाठी वगैरे सगळं खरं, पण डोळ्यांसमोर एकच माणूस असतो, गॅलरीत, मांडीवर रेडिओ घेऊन. तो उठून गेला तर मी कुणाशी बोलते? गाणं काढलं तर आप्पा परत ऐकायला लागतील. काढावं का? काढलं तर मुक्ताला काय तोंड दाखवू? आणि मला स्वतःला ते हवं आहे. माझ्या पाटातल्या पायांसाठी हवं आहे.

जेवताना चुकाही कुणी सांगत नाही.

२२ जाने., गुरु.

मुक्ता मुलाखतीला आली होती. बारीकशी आहे, चप्पल बाहेर काढून स्टुडिओत आली. तिला विचारलं, ही थांबण्याची कल्पना कशी सुचली. म्हणाली, सुचली नाही, तसंच मिळालं. तिचे चुलत आजोबा. ती त्यांच्या घरी गेली, सोप्यात कॉटवर त्यांना बसवलं, फोन समोर धरला. प्रत्येक कडव्यानंतर ते थांबायचे, भिंतीकडे बघायचे, मग पुढचं कडवं. तिला वाटलं दम लागतोय. पाणी आणून दिलं. ते म्हणाले, "दम न्हाय लागला. हितं थांबायचं असतंय." बास. तिने ती जागा तशीच ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

बैल सर्जा-राजा का, हेही विचारलं. लाजली. आजोबांनी नावं घेतलीच नव्हती, चालीत बसवायला तिने आपली घातली.

घरी येऊन आप्पांना हे सगळं सांगितलं. पेपर वाचत होते. एवढंच विचारलं, "कॉटवर बसून म्हणला व्हय त्यो?" हो म्हटलं. पेपर घडी करून ठेवला आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

२५ जाने., रवि.

कागलला लग्न. येताना आप्पा म्हणाले, गाडी जरा एमआयडीसीकडनं घ्या. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. एमआयडीसीत जमीन गेल्यापासून आप्पा त्या रस्त्याला एकदाही गेले नव्हते. आमची विहीर होती तिथे आता एका कारखान्याचा ट्रक लावायचा तळ आहे. सिमेंट, पांढरे पट्टे, सगळं कसं सपाट. फाटकावरचा वॉचमन आला, "कुणाकडं जायचंय, पावणं?" आप्पा म्हणाले, "कुणाकडं न्हाय. हितलाच हाय मी." त्याला काय कळलं देव जाणे, पण भला माणूस, स्टूल आणून दिलं, पाणी दिलं. आप्पांनी तांब्या दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायलं. मग बसल्या जागेवरून बोट दाखवून मला म्हणाले, तिथपासून तिथपर्यंत धाव होती. तो तिसरा ट्रक उभा आहे तिथे पाट.

मी त्या ट्रकखाली बघत राहिले. तेलाचा डाग होता. गाडीत बसल्यावर रडू आलं, खिडकीकडे तोंड करून रडले.

३१ जाने., शनि.

आज निकाल. पण लिहायला बसले ते निकालासाठी नव्हे.

गाणं पूर्ण लावलं, दोन्ही जागांसकट. साहेब काचेपलीकडे उभे, पहिल्या जागेला त्यांनी चक्क श्वास रोखला. मग फोन घेतले. ठेवा म्हणणारे आणि काढा म्हणणारे जवळजवळ सारखेच. बासरी कुणालाच नको! जयसिंगपूरचे व्यापारी पुन्हा होते. काढा म्हणाले, आणि मग, काढायच्या आधी एकदा लावा, म्हातारीला ऐकवायचंय. साहेब म्हणाले सोमवारी लावू, पुढचं पुढं बघू.

घरी आले तर हे दारातच. म्हणाले, आज आप्पांनी स्वतः रेडिओ मागितला. मांडीवर घेतला. मुक्ताचं पहिलं कडवं संपलं, शांतता आली, आणि आप्पांनी हाळी दिली. ह्यांच्याच शब्दांत, "जीभ टाळ्याला लावून टकटक केली आणि म्हणाले, हां पाखऱ्या, ये मागं. तांबड्या, ये बाळा, ये, आलंच. अगदी हळू, लेकराशी बोलावं तसं. आणि बरोबर कडवं सुरू व्हायला गप्प झाले." दुसऱ्या जागेलाही तसंच.

पाखऱ्या आणि तांबड्या. एवढ्या वर्षांनी नावं कळली, तीही ह्यांच्या तोंडून. मी तिकडे काचेच्या पेटीत बसून जगाला ती शांतता ऐकवत होते, आणि माझ्याच गॅलरीत ती भरली जात होती. आनंद झाला आणि ह्यांचा हेवा वाटला, दोन्ही एकदम.

सं. आप्पांजवळ जाऊन बसले. या वेळी काही विचारलं नाही. तेच बोलले. "तू सांगितलंस ती मोट भरायची जागा. मोट भरतीया, पर ती जागा मुकी नसती, सुमे. गाणं उताराला. मागं येताना बैलांशी बोलायचं. उलटं चालायचं म्हंजी त्यास्नी भ्या वाटतंय, मागचं दिसत न्हाय. हाक आली की येत्यात."

म्हणजे मुक्ताचे आजोबा भिंतीकडे बघत थांबले ते यासाठी. सोप्यात बैल नव्हते. बोलणार कुणाशी? आणि आम्ही सगळे, मुक्ता, मी, काजू कारखान्यातल्या बायका, त्या जागेला शांतता समजून डोळे मिटत होतो.

शेवटी राहवलं नाहीच. मग तुम्ही रेडिओ का बंद करत होता?

"ती पोरगी थांबायची आन् हाक कुणी द्यायचं न्हाय. माझं बैल तसंच उभं ऱ्हायचं गं."

१ फेब्रु., रवि.

मुक्ताला फोन करून सगळं सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही, आता तिचं हे थांबणंही मला रिकामं वाटेना. मग तिने विचारलं, नावं घालू का तिथे? आप्पांची चालतील? आप्पांना विचारलं. म्हणाले, माझं बैल तिच्या गाण्यात कशाला, तिच्या आज्याचं घाल म्हणावं. ती नावं सांगणारं कुणी उरलं नाही. तिने आजऱ्याला दोन-तीन म्हाताऱ्यांना विचारलं, प्रत्येकाने आपापल्या बैलांची सांगितली. बघू म्हणाली. साहेबांना अजून काही बोलले नाही. त्यांना सांगितलं तर म्हणतील, बरं झालं, जागा भरा. पण कुणाच्या नावाने?

२ फेब्रु., सोम.

रजा टाकली. कार्यक्रम प्राजक्ता करतेय, आवाज जरा चिरकतोय पण निभावेल. मी गॅलरीत, आप्पांच्या शेजारी, पाटावर. इतक्या वर्षांत माझा कार्यक्रम इथे बसून ऐकायची ही पहिलीच वेळ.

रेकॉर्डर पदराखाली घेऊन आले होते. आप्पांनी पाहिला की नाही माहीत नाही. परत आत कपाटात ठेवून आले. बरं केलं का? आयुष्यभर हेच गोळा करत आले आणि आज...

गाणं लागेल आता. त्यांनी रेडिओ मांडीवर घेतलाय. चष्मा काढून ठेवलाय. माझ्या वहीकडे बघतायत.

"लिवायचं थांबीव की. बैल बुजत्यात."